वीस ग्रॅम जड पाणी

सातवीच्या वर्गात पाण्याचं वजन जास्त भरलं, तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी आधी मुलांनाच दोष दिला. शिक्षकी पेशात ती पहिली पायरी असते.

"नीट ओता रे. शंभर मिलिलिटर म्हणजे शंभर. रेघेच्या वर थेंबसुद्धा नको."

"बाई, रेघेवरच आहे," मोजपात्राला नाक लावून बसलेली मुलगी म्हणाली. वर्गात तिला सगळे शंकाताई म्हणत. नाव ठेवलं होतं बाईंनीच, पहिल्याच आठवड्यात, थोडं कौतुकानं आणि बरंचसं वैतागून.

पाणी काट्यावरच्या पसरट भांड्यात ओतलं. काटा सरकला आणि एकशेवीसवर थांबला. बाईंनी भांडं पुसून पुन्हा ओतायला लावलं. एकशेवीस. दुसऱ्या नळाचं पाणी आणवलं. एकशेवीस. मग स्वतः पदर खोचून, श्वास रोखून ओतलं. बाईंचा हुद्दा मुलांपेक्षा मोठा होता, पण काट्यानं तो विचारात घेतला नाही.

धडा होता पदार्थांचे गुणधर्म मोजण्याचा. वस्तुमान मोजायचं, आकारमान मोजायचं, भागाकार करायचा आणि घनता काढायची. एक घन सेंटिमीटर पाण्याचं वजन एक ग्रॅम, हे पुस्तकात जाड अक्षरात छापलं होतं. मुलांना ते आधीपासून पाठ होतं. त्यामुळे प्रयोग करायची खरं तर काही गरज नव्हती, पण शाळेला नवा वजनकाटा मिळाला होता आणि तो वापरला जातो आहे हे दिसायला हवं, असं वरून सांगणं होतं.

"बाई, मग वहीत काय लिहू?" शंकाताईनं विचारलं. "पुस्तकातलं की काट्यावरचं?"

बाई जरा अडखळल्या. पण तीस मुलं तोंडाकडे बघत असली की माणूस नको तेवढा बाणेदार होतो.

"विज्ञानात जे डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं," त्या म्हणाल्या.

पुढे लाकडाचा ठोकळा घेतला. त्याची घनता आली एकाहून थोडी जास्त. म्हणजे पुस्तकाप्रमाणे तो पाण्यात बुडायला हवा होता. मुलांनी तो बादलीत सोडला आणि तो आरामात तरंगत राहिला.

"बघा, चुकलं ना कुठेतरी?" बाई हायसं वाटून म्हणाल्या.

"नाही बाई, बरोबर आहे," शंकाताई वहीत बघत म्हणाली. "ठोकळा एकापेक्षा जड आहे, पण पाणी त्याहून जड आहे. म्हणून तरंगतोय. आपल्या शाळेचं पाणीच जड आहे, बाई!"

बाई तोंड उघडणार तोच घंटा झाली. सातवीचा वर्ग घंटेनंतर उत्तरासाठी थांबत नाही. तीस मुलं तीस घरांकडे निघाली, आणि प्रत्येकाच्या वहीत जड पाणी होतं.

रिकाम्या प्रयोगशाळेत बाईंनी शिक्षकांच्या खोलीतलं साखरेचं न फोडलेलं अर्ध्या किलोचं पाकीट आणून काट्यावर ठेवलं. ते वीस ग्रॅम जास्त भरलं. मग त्यांनी काटा निरखून पाहिला, आणि सगळा उलगडा झाला.

काटा शाळेच्या अध्यक्षांनी भेट दिला होता. भेट कुणाची हे विसरलं जाऊ नये म्हणून भांड्याच्या कडेला त्यांच्या नावाची पितळी पाटी ठोकलेली होती. आणि कुणी वाचणारं नसलंच तर निदान बघणारं असावं म्हणून तबकडीच्या काचेवर, वरच्या बाजूला, त्यांचा हसरा फोटो चिकटवला होता. नेमका शून्यावर. पाटीच्या वजनानं काटा सुरुवातीलाच वीस ग्रॅम पुढे सरकलेला असे, पण तो अध्यक्षांच्या फोटोमागे दडलेला असल्यामुळे कुणाला दिसत नसे. काटा मागेपुढे करायचा स्क्रू पाठीमागे होता, आणि काटा चोरीला जाऊ नये म्हणून तो पाठीनं भिंतीला सिमेंटनं पक्का केलेला होता. बाई चार वर्षं तात्पुरत्या होत्या. काटा आला त्याच दिवशी कायम झाला.

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, काट्यात त्रुटी आहे."

मुख्याध्यापकांनी उठून आधी दार लावलं. "हळू बोला. कशात त्रुटी?"

"अध्यक्षांच्या पाटीमुळे वीस ग्रॅम जास्त दाखवतोय. पाटी काढली की झालं."

"पाटी काढली की झालं!" मुख्याध्यापकांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "बाई, त्या पाटीचं अनावरण झालंय. टाळ्या वाजल्यात. अनावरण केलेली वस्तू काढायची पद्धत आपल्याकडे नाही."

"मग मुलांना सांगते, प्रत्येक वजनातून वीस वजा करा."

"म्हणजे अध्यक्षांना वजा करा! भर वर्गात!"

"अध्यक्षांना नाही हो सर, पाटीला."

"पाटीवर काय आहे?"

"नाव."

"कुणाचं?"

मुख्याध्यापक जरा मऊ झाले. "हे बघा, शनिवारी अध्यक्ष यायचेत. तुमच्या कायमच्या पत्रावर त्यांचीच सही व्हायचीय. तोवर मुलांना पुस्तकातलं उत्तर लिहू द्या. पुस्तक छापलंय कशाला मग?"

संध्याकाळी भाजी निवडता निवडता बाईंनी हे सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"कितीचा प्रश्न आहे म्हणालीस?"

"वीस ग्रॅमचा."

"आणि त्याच्यासाठी कायमची नोकरी घालवायला निघालीयेस? अगं, तुझे सासरे जे बोलायचे त्यातून मी जन्मभर निम्मं वजा करत आले. कधी त्यांना बोलून दाखवलं? वजा मनात करायचं असतं."

बाईंना हे पटलं. त्यांनी ठरवलं, शनिवारपर्यंत तोंड उघडायचं नाही.

पण तोपर्यंत इतरांची तोंडं उघडली होती. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच फाटकाशी पालकांचा घोळका जमला.

"तरीच म्हटलं आमचा चिरंजीव घरी आला की आडवा का होतो," एक वडील म्हणाले. "दिवसभर जड पाणी पिऊन पोर उठणार कसं?"

"आमचीचं गणित बिघडलंय. डोकं जड होतं म्हणते."

"अहो, पण शाळेला माहीत असून लपवलं त्याचं काय? पोरांच्या वह्यांत लिहिलंय सगळं, बाईंनीच लिहायला लावलं!"

बाई घोळक्यातून वाट काढत होत्या, एवढ्यात एका काडीसारख्या मुलाच्या आईनं त्यांचा हात धरला आणि बाजूला नेलं. तिच्या हातात दोन मोठ्या बाटल्या होत्या.

"बाई, यांचं ऐकू नका. आमच्याकडचं पाणी फारच हलकं आहे हो, याच्या काही अंगी लागत नाही. ह्या दोन बाटल्या भरून द्याल का रोज? आणि जेवणाआधी पाजू की नंतर?"

"अहो ताई, पाणी साधंच आहे."

"असू द्या, असू द्या. मी कुणाला सांगत नाही," ती माउली डोळे मिचकावत म्हणाली.

शाळेत शिरल्यावर चहा बंद झाल्याचं कळलं. कवायतीच्या मास्तरांच्या पोटाचा घेर कित्येक वर्षं चर्चेत होता. त्या दिवशी त्यांनी पोटावर हात ठेवून जाहीर केलं, "मी सांगत होतो ना, खाण्यानं नाही हे!" सगळ्यांत कमाल मुख्याध्यापकांनी केली. काट्याची खरी हकीकत शाळेत बाईंखालोखाल फक्त त्यांना ठाऊक होती. तरी त्यांच्या टेबलावर घरून आणलेली पाण्याची बाटली उभी होती.

"सर, तुम्हीसुद्धा?"

"खबरदारी म्हणून हो," ते ओशाळून म्हणाले. "सगळेच म्हणतायत म्हटल्यावर..."

पालकांनी पाणीखात्याला फोन लावले. फोन इतके झाले की पाणीखात्याचा इंजिनिअर स्वतः आला. हा एक जाडजूड, घाईतला माणूस होता. त्यानं नळ सोडून पाहिला, पाणी उजेडात धरून पाहिलं, वास घेतला आणि बाईंना म्हणाला, "वजन करायला काही आहे का तुमच्याकडे? आमचा काटा दुरुस्तीला गेलाय."

मुख्याध्यापक दारातून त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

"आहे की," मुख्याध्यापकच म्हणाले. "अध्यक्षांनी दिलाय. उत्तम आहे."

इंजिनिअरनं शंभर मिलिलिटर पाणी ओतलं. काटा एकशेवीसवर गेला. पोरांनी केलं ते एका इंजिनिअरनं केलं, एवढ्यानं त्या वीस ग्रॅमना सरकारी मान्यता मिळाली.

"आहे बुवा जड," तो म्हणाला. "पण आमचं पाणी आमच्या नळातून हलकंच निघतं. तुमच्या टाकीत येऊन जड होत असणार. टाकी कुणाची?"

मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. टाकीही अध्यक्षांनीच दिली होती. तिच्यावर तर नाव चारही बाजूंनी रंगवलेलं होतं.

"टाकी बंद करा," इंजिनिअर निघता निघता म्हणाला. "शनिवारी येतो आणि फोडायची का ते ठरवतो."

नळ दोरीनं बांधून टाकले. मुलांनी पाणी घरून आणायचं असं फळ्यावर लिहिलं गेलं. मोठी मुलं आणत, धाकटी विसरत. शुक्रवारी दुपारी बाई वऱ्हांड्यातून जात असताना पहिलीतली एक चिमुरडी त्यांना दिसली. ती बांधलेल्या नळाखाली ओंजळ धरून उभी होती. एक थेंब ओंजळीत पडला तेव्हा तिनं तो चाटला आणि पुन्हा ओंजळ धरली.

"अगं, पाणी नाही आणलंस?"

"संपलं," ती म्हणाली. "बाई, हे पाणी पडलं अंगावर तर लागतं का हो? जड आहे ना?"

बाईंनी तिला आपली बाटली दिली. तिनं ती घटाघटा रिकामी केली आणि दप्तर सावरत पळाली. मनातल्या मनात वजा करण्याची सासूबाईंची युक्ती चांगली होती, पण तहानलेलं पोर वजा कसं करायचं हे सासूबाईंनी सांगितलं नव्हतं.

शनिवारी काटा भिंतीतून निघेना म्हणून सभाच प्रयोगशाळेत भरली. पुढे अध्यक्ष, शेजारी मुख्याध्यापक, पलीकडे इंजिनिअर, मागे उभे पालक आणि खिडक्यांना लटकलेली सातवी. अध्यक्षांच्या पुढ्यात कागद होते. वरचाच कागद आपला आहे हे बाईंना लांबूनही ओळखू आलं.

अध्यक्ष तापलेले होते. "माझ्या टाकीत पाणी जड होतं म्हणे! ही टाकी मी दिली तेव्हा सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा नाही कुणाला जड वाटलं?"

"साहेब, मी नाही म्हणत, काटा म्हणतोय," इंजिनिअर म्हणाला. "आणि काटा तर तुमचाच आहे. तो काही खोटं बोलणार नाही."

अध्यक्षांची पंचाईत झाली. काटा खरा धरला तर टाकी नासकी ठरत होती आणि टाकी चांगली म्हणावी तर काटा खोटा पडत होता. त्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, "दोन्हीही उत्तमच आहेत, साहेब. काहीतरी मधला मार्ग निघेल." मधला मार्ग कुठून निघणार हे त्यांनी सांगितलं नाही.

"फोडायला लागेल टाकी," इंजिनिअर म्हणाला. "दुसरा इलाज नाही. महिनाभर नळ बंद."

"महिनाभर?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाई उठल्या. आता बसायलाही उशीर झाला होता.

"टाकी फोडू नका. टाकी चांगली आहे, पाणीही चांगलं आहे. साहेब, त्या काट्यावर तुमच्या नावाची पाटी आहे ना, तिचं वजन पाण्यात मोजलं जातंय. ते वजा केलं की सगळं बरोबर येतं."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे," अध्यक्ष सावकाश म्हणाले, "इतके दिवस हा जो गोंधळ चाललाय, तो माझ्या वजनामुळे?"

"तुमच्या नावाच्या, साहेब."

"तेच ते. एका माझ्या नावामुळे अख्ख्या शाळेचं पाणी जड झालं? सरकारी माणूस धावत आला?"

"हो, साहेब."

अध्यक्षांचा चेहरा हळूहळू बदलू लागला. राग उतरला आणि त्याच्या जागी काहीतरी खुशीसारखं चढू लागलं. ते खुर्चीत जरा मागे रेलले. "किती आहे वजन आमचं?"

"वीस ग्रॅम."

खुशी जिथल्या तिथे थांबली.

"वीस? फक्त वीस?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. खिडकीतून शंकाताईचा आवाज आला, "बाई, खोडरबर तेवढंच भरतं!"

"चूप!" मुख्याध्यापक ओरडले आणि अध्यक्षांकडे वळून काकुळतीला येऊन म्हणाले, "साहेब, पाटीवाल्यानं पत्रा पातळ वापरला हो. त्याला आत्ताच्या आत्ता बोलावतो."

"वीस ग्रॅम," अध्यक्ष पुन्हा स्वतःशीच म्हणाले. पाणी, टाकी, इंजिनिअर, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. "लोक म्हणतात माझं वरपर्यंत वजन आहे. आणि इथे खोडरबराएवढं! बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. आमच्या हुद्द्याला शोभेल अशी पाटी किती वजनाची हवी?"

मुख्याध्यापकांनी बाईंना डोळ्यांनी विनवलं, कृपा करून वाद घालू नका. पण बाई वाद घालतच नव्हत्या. त्या तबकडीवरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

"एक किलो, साहेब," त्या म्हणाल्या.

"एक किलो!" अध्यक्षांचे डोळे चमकले.

"त्याहून कमी बरं दिसणार नाही. पण बरोबर एक किलो हवी. स्क्रूसकट. जुनी काढून ही लावायची. पाटीवाल्याकडे मी स्वतः उभी राहून करून घेते."

"याला म्हणतात जाण," अध्यक्ष मुख्याध्यापकांना म्हणाले आणि त्याच आनंदात समोरच्या कागदावर सही ठोकून मोकळे झाले. बाई कायम झाल्या. पाटी लागेपर्यंत टाकीला हात लावायचा नाही असंही ठरलं. इंजिनिअरला दुसरीकडे जायचं होतं, त्यामुळे त्याचीही हरकत नव्हती. नळांच्या दोऱ्या बाईंनी सभा उठायच्या आतच स्वतःच्या हातानं सोडल्या.

मुख्याध्यापकांनी मात्र त्यांना वऱ्हांड्यात गाठलंच. "काय केलंत हे? वीस होते तर एवढा उत्पात झाला, आता हजार! पाणी आता दगडाहून जड भरेल!"

"बघू या, सर," बाई म्हणाल्या.

पाटी तयार झाली. ती एवढी जाड होती की भांड्याच्या कडेला मावेना, म्हणून तळाशी बसवावी लागली. अनावरणाला अध्यक्ष आले, पालक आले, इंजिनिअर आला. जुनी पाटी उतरवली आणि नवी पाटी लावलेलं भांडं बाईंनी दोन्ही हातांनी अलगद काट्यावर ठेवलं.

काटा अध्यक्षांच्या फोटोच्या एका कानामागून बाहेर पडला. शंभर झाले, दोनशे झाले, पाचशे झाले. मुख्याध्यापक देवाचं नाव घेऊ लागले. काटा तळाला जाऊन दुसऱ्या बाजूनं वर चढू लागला. सातशे. नऊशे. आणि तबकडीची पूर्ण फेरी मारून तो अध्यक्षांच्या दुसऱ्या कानामागे शिरला आणि तिथेच थांबला. काटा पाच किलोचा होता आणि दर किलोला एक फेरी मारायचा, हे आजवर बाईंशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण शाळेत कुणी किलोभर काही मोजलंच नव्हतं.

"पाणी घ्या," इंजिनिअर म्हणाला.

शंकाताईनं मोजपात्र रेघेपर्यंत भरून भांड्यात ओतलं. काटा फोटोच्या आडून बाहेर आला आणि शंभरवर थांबला. तिनं पुन्हा मोजलं. शंभर. लाकडाचा ठोकळासुद्धा पाण्याहून हलका भरला. इंजिनिअरनं वाकून तीन वेळा पाहिलं. "उतरलं बुवा पाणी," तो म्हणाला. काडीसारख्या मुलाची आई मागच्या मागे दोन रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून निघून गेली.

शंकाताईनं भुवया आवळून काट्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. तिला उमगलं होतं. तिनं हात अर्धा वर नेला, तेवढ्यात बाईंनी तिच्याकडे बघून अगदी हळू मान हलवली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच शंकाताईनं हात खाली घेतला.

"पण बाई," अध्यक्ष जवळ येऊन, आवाज खाली आणून म्हणाले, "पाटी चांगली किलोची आहे ना? मग काट्यावर तिचा परिणाम?"

"काही नाही, साहेब."

"काहीच नाही?"

"शून्य."

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. मग समाधानानं मान डोलावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "याला म्हणतात वजन!"

आणि मुख्याध्यापकांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.